वळिवडे छावणी : खर्चाच्या बाजूने पाहिलेला इतिहास

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वळिवडे हे छोटे स्थानक लागते. तिथे १९४३ च्या मध्यापासून १९४८ च्या सुरुवातीपर्यंत पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. पुरी पाच वर्षेही न टिकलेल्या वसाहतीला संस्था म्हणावे का, अशी शंका कोणी घेईल. पण जिथे सुमारे पाच हजार माणसे राहिली, शाळा, इस्पितळ, चर्च, टपाल कचेरी आणि नाट्यगृह चालले, जिचा कारभार नेमलेल्या अधिकाऱ्यांनी नियमाने पाहिला, तिला संस्थेचा मान द्यायलाच हवा. या छावणीविषयी कोल्हापुरात जे लिहिले-बोलले गेले त्यात आदरातिथ्याची बाजू ठळक आहे आणि ते रास्तही आहे. महावीर उद्यानातले स्मारक असो की २०१९ साली वळिवड्यात उभारलेला स्तंभ, दोन्हींमागे खरी कृतज्ञता आहे. मात्र पाच हजार माणसांना रोज दोन वेळा जेवू घालणे, अंगाखांद्यावर कपडा देणे आणि आजारपणात औषध पुरवणे हे काम निव्वळ सद्भावनेवर पाच वर्षे चालत नाही. त्याला दरमहा पैसा लागतो. वळिवड्याच्या रहिवाशांना इतर अनेक छावण्यांच्या मानाने जे बरे आयुष्य लाभले, त्याचे मुख्य कारण खर्चाच्या व्यवस्थेत आहे, असे माझे म्हणणे आहे. पैसा कोणाच्या नावे पडत होता, तो किती भरवशाने येत होता आणि अखेर कोणाच्या हातात पोचत होता, या तीन गोष्टींनी छावणीचे रूप ठरवले. त्या बदलल्या तसा छावणीचा काळही सरला.

ही माणसे वळिवड्यापर्यंत कशी आली ते थोडक्यात सांगायला हवे. १९३९ च्या सप्टेंबरात जर्मनीपाठोपाठ सोव्हिएत रशियाने पोलंडवर चाल केली. पूर्व पोलंडमधून १९४० च्या फेब्रुवारीपासून पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडच्या जंगलतोडीच्या तळांवर नेले गेले. जर्मनीने रशियावरच हल्ला केल्यावर चित्र पालटले. जुलै १९४१ मध्ये लंडनमधील पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला, कैदी सुटले, जनरल आंदेर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले. त्या सैन्याच्या मागोमाग बायका-मुलेही दक्षिणेला निघाली. १९४२ च्या वसंतात आणि ऑगस्टमध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून सुमारे एक लाख पंधरा हजार पोलिश माणसे इराणच्या पहलवी बंदरात उतरली. त्यांत सदतीस हजारांच्या आसपास नागरिक होते. उपासमार आणि टायफसने खंगलेल्या या नागरिकांना युद्धाच्या धामधुमीत इराणमध्ये फार काळ ठेवणे शक्य नव्हते. पूर्व आफ्रिका, लेबनॉन, मेक्सिको, न्यूझीलंड अशा दिशांना ते पांगले. एक वाट कराचीमार्गे वळिवड्याला आली.

वळिवड्याआधी सौराष्ट्रात बालाचडी झाली होती, आणि दोन्हींची तुलना केल्याशिवाय वळिवड्याचे वेगळेपण कळत नाही. अश्काबादहून मशहद, झाहेदान, क्वेट्टा असा खडतर रस्ता मालमोटारींनी पार करून अनाथ पोलिश मुले १९४२ साली मुंबईत पोचली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी त्या वेळी नरेंद्र मंडळाचे चॅन्सलर होते. त्यांनी समुद्राकाठी बालाचडीला मुलांसाठी वसाहत बांधून दिली. मुंबईतले पोलंडचे महावाणिज्यदूत युजेनियुश बनासिन्स्की आणि पोलिश रेडक्रॉसचे काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा बनासिन्स्का यांनी पाठपुरावा केला, पोलिश मुलांसाठी निधी उभारला गेला, संस्थानिकांनी आणि धनिकांनी देणग्या दिल्या. देणगीदारांची दानत निखळ होती, याबद्दल दुमत असू नये. पण देणगीला स्वभावतः मर्यादा असते. ती मागावी लागते, माणशी हिशेबाने वाटावी लागते, आणि ती मुलांसाठी जितक्या सहजपणे मिळते तितकी म्हाताऱ्यांसाठी किंवा धडधाकट बायकांसाठी मिळत नाही. काही शे मुलांचे एकत्रित स्वयंपाकघर देणग्यांवर चालू शकले. पाच हजारांच्या वस्तीचा भार त्याच वाटेने पेलला असता, असे मला वाटत नाही.

वळिवड्याच्या उभारणीचा आणि देखरेखीचा व्याप भारत सरकारकडे होता. त्यासाठी कॅप्टन वेब हे मुख्य निर्वासित अधिकारी म्हणून नेमलेले होते. निर्वाहाचा खर्च मात्र लंडनमधील पोलिश सरकारच्या नावे पडत होता. त्या सरकारकडे स्वतःची भूमी नव्हती, कर गोळा करायला प्रजा हाताशी नव्हती. ब्रिटिश तिजोरीने त्याला उसने पैसे पुरवले आणि त्यातून सरकारने आपल्याच विस्थापित नागरिकांना पोसले. ही बाब कोरडी वाटेल, पण छावणीचे सारे स्वरूप यातून निघाले. पैसा दान म्हणून आला असता तर अटी दात्याने घातल्या असत्या. तो एका सरकारने स्वतःच्या अंगावर घेतलेले ऋण म्हणून आला, म्हणून त्या सरकारने आपल्या लोकांसाठी काय हवे ते स्वतः ठरवले. पोलंडच्या समाजकल्याण आणि शिक्षण खात्यांची यंत्रणा मुंबईपासून वळिवड्यापर्यंत उभी राहिली. छावणीचे प्रमुखपद कॅप्टन व्लादिस्वाव यागिएवोविच या पोलिश अधिकाऱ्याकडे आले. शिक्षक पोलिश, अभ्यासक्रम पोलिश, डॉक्टर-परिचारिकांतही पोलिश माणसे होती. चार प्राथमिक शाळा, माध्यमिक विद्यालय, शिक्षिकांसाठी अध्यापनवर्ग आणि धंदेशिक्षण अशी व्यवस्था युद्धकाळातल्या निर्वासित छावणीत क्वचितच आढळते. अन्न-वस्त्र-निवाऱ्यापुरताच विचार करणाऱ्या दात्याने एवढा खर्च मान्य केला असता का, याचा विचार वाचकाने करावा.

यापुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वळिवड्यात सामुदायिक भटारखाना हा मुख्य आधार नव्हता. कुटुंबाला महिन्याचा रोख भत्ता मिळे आणि चूल ज्याची त्याची असे. लांबलचक बराकी ओळीने बांधलेल्या होत्या. छप्पर कौलारू, भिंती चटयांच्या. प्रत्येक बराक आडव्या भिंतींनी अनेक बिऱ्हाडांत विभागलेली होती. बिऱ्हाडाला खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढे पडवी. कोळशावर पेटणाऱ्या मातीच्या शेगडीवर बायका आपल्या सवयीचे सूप आणि बटाट्याचे पदार्थ रांधत. पडवीपुढे वेल चढवलेले आणि फुलझाडे लावलेली बिऱ्हाडे त्या काळच्या छायाचित्रांत दिसतात. आसपासच्या गावांतले माळवेवाले, दूधवाले, फेरीवाले छावणीत येत. भाव ठरवताना पोलिश आकडे आणि शब्द त्यांच्या तोंडी बसले, ही आठवण तिथे राहून गेलेल्या अनेकांनी नोंदवली आहे. हे चित्र निव्वळ गोड म्हणून मी सांगत नाही. रांगेत थाळी धरून उभे राहणाऱ्या बाईला आज काय शिजले आहे ते दुसरा सांगतो. हातात भत्ता असलेली बाई आज कांदा घ्यायचा की अंडी, मुलाच्या बुटाला पैसे मागे टाकायचे की नाही, हे स्वतः ठरवते. सैबेरियात दोन वर्षे दुसऱ्याने तोडून दिलेल्या पावाच्या तुकड्यावर जगलेल्या माणसांना ही मोकळीक किती मोलाची वाटली असेल! शिवाय छावणीत वडीलधारा पुरुष विरळाच होता. नवरे आणि थोरले मुलगे आंदेर्स यांच्या सैन्यात इटलीच्या आघाडीवर होते. संसाराची सूत्रे बायकांच्या हाती होती आणि भत्त्याने ती खऱ्या अर्थाने त्यांच्या हाती दिली.

रोख भत्त्यावर दोन आक्षेप तेव्हापासून आजतागायत घेतले जातात. पहिला असा की, बाहेरून आलेल्या हजारो माणसांच्या हाती पैसा दिला की आसपासच्या बाजारात भाव चढतात आणि स्थानिक गरिबाच्या तोंडचा घास महागतो. १९४३ साली हा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. युद्धामुळे सर्वत्र टंचाई होती, मुंबई शहरात त्याच वर्षी शिधावाटप सुरू झाले. नवी पाच हजार तोंडे आली की धान्याची मागणी वाढणारच, हे खरे. पण ती मागणी भत्त्यामुळे उद्भवत नाही, तोंडांमुळे उद्भवते. सामुदायिक भटारखान्यासाठी ठेकेदाराने एकगठ्ठा धान्य उचलले असते तरी तेवढेच धान्य बाजारातून गेले असते. फरक पडला असता तो नफ्यात. ठेक्याचा पैसा एका-दोघा व्यापाऱ्यांकडे जातो. घरोघरच्या खरेदीचा पैसा दारावर येणाऱ्या भाजीवालीपर्यंत आणि कोंबड्या पाळणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत झिरपतो. छावणी आणि गावे यांच्यात जे सख्य राहिले त्याचे श्रेय आपण बहुधा कोल्हापूरकरांच्या मोठ्या मनाला देतो. ते मन मोठे होतेच. पण गाव आणि छावणी यांच्यात रोजचा देण्याघेण्याचा व्यवहार होता आणि त्यात दोन्हीकडे मान होता, हेही त्या सख्याचे कारण आहे.

दुसरा आक्षेप असा की, बसून पैसे मिळाले की माणूस आळसावतो. वळिवड्यापुरते याचे उत्तर छावणीच्या दिनक्रमात आहे. शाळा चालवणे, मुलामुलींची बालवीर पथके, नाटके, शिवणकाम, इस्पितळातली सेवा यांत माणसे गुंतलेली होती. आळसाचा आरोप ज्यांच्यावर करायचा त्यांतली बहुसंख्य तर शाळकरी मुले, त्यांच्या आया आणि म्हातारी माणसे होती. आजच्या अनुभवाचा दाखलाही देता येतो. तुर्कस्तानात २०१६ च्या अखेरीस युरोपीय संघाच्या पैशातून निर्वासितांसाठी मासिक रोख साहाय्याची योजना सुरू झाली. सुरुवातीला माणशी १०० लिरा, पुढे १२०, आणि लाभार्थी पंधरा लाखांवर गेले. ही रक्कम एवढी तुटपुंजी होती की तिच्यावर बसून खाणे कोणालाही परवडणारे नव्हते. भाडे, भाकरी आणि मुलांना कामावरून सोडवून शाळेत ठेवणे यांच्यासाठी ती होती. जॉर्डनमध्ये सीरियाची कुटुंबे बँकेच्या यंत्रापुढे उभी राहून बुबुळाच्या खुणेवर ओळख पटवून पैसे काढतात. साधन नवे आहे, पण तत्त्व वळिवड्याच्या भत्त्याचेच आहे.

आता सर्वांत कठीण आक्षेपाकडे वळतो, कारण त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या वर्षी वळिवड्याच्या बराकी उभ्या राहिल्या त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडला. चौकशी आयोगाने पंधरा लाख बळी मानले. पुढच्या अभ्यासकांचे अंदाज तीस लाखांपर्यंत जातात. गोऱ्या, मित्रराष्ट्राच्या निर्वासितांना भत्ता आणि शाळा, आणि स्वतःच्या प्रजेला कलकत्त्याच्या रस्त्यावर मरण, हा भेद साम्राज्याचा होता आणि तो डोळ्यांआड करता येत नाही. वळिवड्याचे कौतुक करताना मनात हा सल राहिलाच पाहिजे. पण त्यातून निष्कर्ष कोणता काढायचा? पोलिश बायकांना कमी द्यायला हवे होते, असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. त्यांना जे मिळाले ते माणूस म्हणून जगायला लागते तेवढेच होते. याचा खरा अर्थ असा की, ब्रिटिश तिजोरीला जिथे देणे मान्य होते तिथे युद्धाच्या ऐन धामधुमीतही पैसा, धान्य, डॉक्टर, कौले, चटया सारे उपलब्ध झाले. साधने नव्हती ही सबब वळिवड्यामुळे टिकत नाही. बंगालच्या माणसाच्या बाजूने लंडनमध्ये उत्तरदायी सरकार नव्हते. पोलिश बाईच्या बाजूने, परागंदा का होईना, ते होते. मदतीची पातळी गरजेवर ठरत नाही, पैसे देणाऱ्याला जाब कोण विचारू शकतो यावर ठरते, याचा याहून कडू पुरावा त्या वर्षात दुसरा नाही.

छावणीच्या उत्तरार्धात याच सूत्राची दुसरी बाजू दिसते. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातल्या नव्या सरकारला दिली. वळिवड्यातल्या माणसांनी त्या दिवशी आपले सरकार गमावले आणि त्याबरोबर आपला खर्च उचलणारे खातेही. भत्ता एकदम थांबला नाही, कारण ब्रिटिश कोषागाराने एक हंगामी समिती नेमून पोलिश देणी आपल्याकडे घेतली. पण या समितीचे काम व्यवहार गुंडाळण्याचे होते. नंतर १९४६ साली संयुक्त राष्ट्रांची साहाय्य व पुनर्वसन संस्था, म्हणजे उन्रा, हिच्याकडे भार गेला. उन्रेची रचना स्वतःमध्ये मोठी गोष्ट होती. १९४३ च्या नोव्हेंबरात ४४ देशांनी ती स्थापली. त्यांत भारतही होता. शत्रूच्या ताब्यात न गेलेल्या देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याएवढी रक्कम द्यावी, असे सूत्र ठरले होते. मदतीचा पैसा कर आकारावा तसा ठरावीक प्रमाणात गोळा करण्याचा हा प्रयत्न आजही अभ्यासण्याजोगा आहे. तथापि उन्रेचा कल निर्वासितांना मायदेशी धाडण्याकडे होता, आणि वळिवड्याच्या बहुसंख्य रहिवाशांना मायदेशच उरला नव्हता. त्यांची ल्वुफ, विल्नो आणि त्या आसपासची गावे आता सोव्हिएत हद्दीत होती. ज्यांनी त्यांना सैबेरियाला नेले त्यांच्याच राज्यात परत जायचे होते. परतायला थोडेच तयार झाले. याच सुमाराला बालाचडीची उरलेली मुलेही वळिवड्यात आली. १९४७ च्या जुलैपासून आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने सूत्रे घेतली. तिला तिसऱ्या देशात वसवण्याची मुभा होती, आणि त्याच वर्षी ब्रिटनने पोलिश पुनर्वसन कायदा केल्याने सैनिकांच्या कुटुंबांना इंग्लंडचे दार उघडले. बोटी भरून माणसे निघाली. काहींना पूर्व आफ्रिकेत वाट पाहावी लागली. तीन वर्षांत तीनदा पैसे देणारा बदलला आणि प्रत्येक नव्या दात्याचा पहिला प्रश्न छावणी कधी मिटणार हाच होता. शाळांचे वर्ग रिकामे झाले ते शिक्षणाची गरज संपल्यामुळे नव्हे.

यावर कोणी म्हणेल की, पोलिश सरकारचे उसनवारीचे प्रकरण युद्धातल्या एका विशेष प्रसंगाचे होते, त्यावरून सर्वसाधारण नियम काढू नये. पण त्यानंतरच्या व्यवस्थेकडे पाहिले तर उलट गोष्ट सिद्ध होते. १९५० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी निर्वासितविषयक उच्चायुक्तालय स्थापले, तेव्हा त्याच्या नियमावलीतच लिहून ठेवले की, संयुक्त राष्ट्रांच्या अर्थसंकल्पातून फक्त कचेरीचा प्रशासकीय खर्च मिळेल. बाकी सारे ऐच्छिक देणग्यांतून. उन्रेचे एक टक्क्याचे सूत्र गेले आणि देणगीचे तत्त्व परत आले. परिणाम आजही दिसतो. अलीकडच्या वर्षांत उच्चायुक्तालयाच्या अपेक्षित खर्चाच्या निम्म्याच्या आसपासच रक्कम हाती येते. डिसेंबर २०१४ मध्ये ऐन थंडीत जागतिक अन्न कार्यक्रमाला सतरा लाख सीरियन निर्वासितांची अन्नकुपने पैशाअभावी थांबवावी लागली. जाहीर आवाहन करून पैसे जमवल्यावर काही दिवसांनी ती पुन्हा सुरू झाली. कुपन बंद पडल्यावर त्या दिवसांत आईने वाण्याला काय सांगायचे? तुर्कस्तानातल्या योजनेत मात्र पैसा युरोपीय संघाच्या अर्थसंकल्पातून आणि सदस्य देशांनी उत्पन्नाच्या प्रमाणात उचललेल्या वाट्यातून, अनेक वर्षांसाठी बांधलेला होता, म्हणून मासिक हप्ता नियमाने पोचत राहिला. यजमान देशाने स्वतःच्या प्रजेवर कर बसवण्याचे उदाहरण आपल्या घरचे आहे. १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे आली तेव्हा भारत सरकारने टपालावर पाच पैशांचा निर्वासित साहाय्य अधिभार लावला आणि प्रत्येक पाकिटावर जादा तिकीट चिकटू लागले. जगाकडून आलेली मदत खर्चाच्या मानाने अपुरी होती. उरलेला भार देशाने उचलला, कारण तो सरकारने आपला मानला होता.

वळिवड्याच्या बराकी रिकाम्या होत असतानाच फाळणीने नवे निर्वासित आणले. सिंध सोडून आलेली कुटुंबे त्याच जागेत वसवली गेली आणि वसाहतीचे नाव गांधीनगर झाले. एकाच कौलाखाली पाठोपाठ दोन निर्वासित समाज राहिले, पण त्यांच्यामागची खर्चाची व्यवस्था निराळी होती. नव्या भारत सरकारपुढे लाखो निर्वासित होते आणि तिजोरी तोकडी. शिधा आणि रोख मदत शक्य तितक्या लवकर थांबवून माणसांना पायावर उभे करायचे, हे धोरण होते. त्यासाठी १९४८ साली कायद्याने पुनर्वसन वित्त प्रशासन स्थापून धंद्याला कर्जे देण्याची सोय केली गेली. सिंधी समाजाचे यश दाखवून फुकट मदतीची गरजच काय, असे विचारणारे अनेक आहेत. त्यांनी दोन्ही वसाहतींतली माणसे नीट पाहावीत. सिंधी कुटुंबांत कमावते पुरुष बरोबर होते, पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यापाराचे ज्ञान होते, आणि हा देश आता त्यांचा होता. इथे दुकान थाटायला, जागा घ्यायला, मत द्यायला त्यांना कोणाची परवानगी नको होती. पोलिश बायकांपाशी यातले काहीच नव्हते. सारखेपणा आहे तो एवढाच की, पैसा भत्ता म्हणून आला किंवा कर्ज म्हणून आला, तरी तो वापरायचा कसा हे घेणाऱ्याने ठरवले. ज्या पडव्यांपुढे पोलिश कुटुंबांनी वेल चढवले होते त्या वसाहतीत सिंधी कुटुंबांनी कापडाची दुकाने मांडली, आणि आज दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातले किरकोळ व्यापारी कपड्यांच्या घाऊक खरेदीसाठी गांधीनगरला येतात.